बाळाचा एक हात हलत नसेल तर

श्रोतेहो, नमस्कार. २७ जानेवारी १८५९. बर्लिनच्या राजवाड्यात इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली लेक बाळंत होत होती. बाळ पायाळू, अडलेलं. ओढून काढावं लागलं. ते जगलं याच्याच आनंदात डावा हात लुळा आहे हे सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग उपाय सुरू झाले. नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबेत हात घालून ठेवला. विजेचे झटके दिले. डावा हात वापरावा म्हणून उजवा बांधून टाकला. हात सुधारला नाही, सुमारे १५ सेंटिमीटर आखूडच राहिला. हाच पुढे पहिल्या महायुद्धातला जर्मन कैसर, दुसरा विल्हेल्म. त्याच्या फोटोंत डावा हात तलवारीच्या मुठीवर टेकलेला नाहीतर झाकलेला दिसतो. अशा लुळ्या हाताचा दोष मानेतून हाताकडे जाणाऱ्या नेमक्या कुठल्या नसांत असतो, हे एर्ब या डॉक्टरांनी दाखवलं १८७४ मध्ये. तेव्हा राजपुत्र पंधरा वर्षांचा होता.

डोकं बाहेर आलं, पण खांदा आईच्या ओटीपोटाखालच्या हाडामागे अडकला, आणि डोकं ओढलं, तरीही याच नसा ताणतात. तेव्हा आईचे गुडघे पोटाकडे दुमडतात आणि त्या हाडाच्या लगेच वर दाबतात. पोट वरून, म्हणजे छातीच्या बाजूने, दाबू नये, खांदा आणखी रुततो. पुन्हा सांगते, पोट वरून दाबू नये.

आईला साखर असेल, बाळ चार किलोंवर असेल, तर धोका जास्त. आणि चंदगडला दिलेली लेक बाळंतपणाला खानापूरला माहेरी येते, तिच्या पिशवीत साड्या असतात, तपासणीचं कार्ड सासरीच राहतं. हे मला फार खटकतं. महाराष्ट्रातून कर्नाटकात आलं तरी साखरेचा रिपोर्ट सोबत हवाच.

बाळाचं कोपर सरळ, तळवा मागे वळलेला, दचकल्यावर एकच हात उडतो? लगेच डॉक्टरांना दाखवा, हाड मोडलं आहे का तेही बघतील. पहिले सात-दहा दिवस हाताला विश्रांती. मालिश करणाऱ्या बाईला हात छातीवर आडवे घेऊन ताणू देऊ नका. काखेत धरून उचलू नका. झबलं घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. नंतर फिजिओथेरपिस्ट शिकवतील तसा व्यायाम, दुपटं बदलताना, अगदी हळू.

बहुतेक बाळांचा हात सुधारतो. पण तीन महिन्यांत कोपर वाकायला हवं. तीन महिने, वर्ष नव्हे. उशीर झाला तर स्नायू वाळतात आणि नसेच्या ऑपरेशनचा उपयोग कमी होतो. दहाव्या आठवड्याच्या लसीला कोपर दाखवा. चौदाव्यालाही वाकत नसेल, तर तिथूनच चिठ्ठी घेऊन बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची भेट मागा.