आवाज बंद, पक्ष चालू

श्रोतेहो, नमस्कार.

राजकीय पक्ष हिंसा करणाऱ्या संघटनेशी जोडलेला असेल, तर लोकशाहीने त्याच्यावर बंदी घालावी का? मुंबईकराला उत्तर पटकन सुचतं. १२ मार्च १९९३ ज्यांनी पाहिला, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी जे लोकलने येणाऱ्या आपल्या माणसाची वाट बघत बसले होते, ते म्हणतील, घाला की बंदी, यात विचारायचं काय? तो राग रास्त आहे. तो मनात ठेवूनच मी बोलणार आहे.

माझं मत आधीच सांगते. बंदीचा अधिकार लोकशाहीकडे असावा. पण बंदी न्यायालयाने घालावी, पुरावा तपासून घालावी, आणि जो हिंसा सोडेल त्याला परत यायची वाट उघडी ठेवावी. पुन्हा सांगते: न्यायालय, पुरावा, आणि परतीची वाट.

आता एक गोष्ट. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आवाजाचीच आहे.

उत्तर आयर्लंड. हा भाग ब्रिटनकडे आहे. तो आयर्लंडला जोडावा म्हणून लढणारी आयआरए ही सशस्त्र संघटना, आणि तिच्याशी जोडलेला पक्ष शिन फेन. हे नातं कुणापासून लपलेलं नव्हतं. उत्तर आयर्लंडमध्ये या पक्षावर आधी बंदी होती, ती १९७४ साली उठली. १९८३ मध्ये पक्षाचे नेते जेरी अ‍ॅडम्स पश्चिम बेलफास्टमधून ब्रिटिश संसदेवर निवडूनही आले. म्हणजे पक्ष कायदेशीर, त्याचा खासदार कायदेशीर, आणि दुसरीकडे बाँब फुटत होते. नोव्हेंबर १९८७ मध्ये एनिस्किलन गावात युद्धातल्या मृतांच्या स्मृतिदिनासाठी लोक जमले होते. तिथे स्फोट झाला, ११ माणसं गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये सैनिकांची बस उडवली, त्यात ८ जवान गेले. लोक चिडले. काहीतरी करा, असा दबाव मार्गारेट थॅचर यांच्या सरकारवर आला.

सरकारने काय केलं? पक्षावर बंदी घातली नाही. आवाजावर घातली.

१९ ऑक्टोबर १९८८ ला गृहमंत्री डग्लस हर्ड यांनी संसदेत जाहीर केलं की ११ संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज रेडिओ-टीव्हीवर ऐकवायचा नाही. त्यात शिन फेन होता, तसे विरुद्ध बाजूचे, ब्रिटिशनिष्ठ गटही होते. नीट ऐका. माणूस दाखवायला हरकत नाही. त्याचे शब्द सांगायला हरकत नाही. वर्तमानपत्रात सगळं छापायला हरकत नाही. फक्त त्याच्या गळ्यातून निघालेला आवाज ऐकू यायचा नाही.

मग टीव्हीवाल्यांनी नट आणले. पडद्यावर अ‍ॅडम्स बोलतायत, दाढी हलतेय, हात हलतोय, आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा. स्टीफन रे यांच्यासारख्या नावाजलेल्या नटानेही हे काम केलं. जुन्या चित्रफिती आजही पाहायला मिळतात, जरूर पाहा.

हे काम काय असतं, ते आपल्या मुंबईत शेकडो माणसांना ठाऊक आहे. अंधेरी-गोरेगावच्या डबिंग स्टुडिओत आवाजाचा कलाकार कानाला हेडफोन लावून समोरच्या पडद्यावर फक्त ओठ बघत असतो. प, फ, ब, भ, म ही अक्षरं आली की ओठ मिटतात. पडद्यावरचे ओठ मिटले आणि तुमच्या वाक्यात तिथे ‘म’ नसेल, तर बघणाऱ्याला लगेच खटकतं. मग पुन्हा टेक. श्वाससुद्धा त्या माणसाचा घ्यावा लागतो. बेलफास्टच्या नेत्याचे शब्द इंग्रजीतून इंग्रजीतच डब होत होते, त्यामुळे ओठ बसवायचं काम सोपं, आणि कसलेला नट असेल तर सगळं बेमालूम. मुळातल्या वक्त्यापेक्षा चांगला आवाज त्या भाषणाला मिळायचा. (जाता जाता सांगते, आपल्याकडे डब केलेल्या सिनेमांत या कलाकारांची नावं कितीदा दिसत नाहीत. ज्याच्या गळ्यावर तीन तासांचा सिनेमा उभा राहतो, त्याचं नाव पडद्यावर यायलाच हवं. ही मागणी मी जिथे संधी मिळेल तिथे करते, आणि करत राहणार.)

तर मुद्दा असा की शब्द घरोघरी पोचतच होते. फक्त गळा बदलला.

आणि त्याला एक सवलत होती. निवडणुकीच्या प्रचारात बंदी लागू नव्हती. म्हणजे १९९२ च्या संसदेच्या निवडणुकीत प्रचारापुरता अ‍ॅडम्स यांचा स्वतःचा आवाज चालला, आणि निवडणूक आटोपल्यावर त्याच माणसाला पुन्हा नटाचा आवाज. काही पत्रकार या बंदीविरुद्ध न्यायालयात गेले. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर ते हरले.

शेजारच्या आयर्लंड देशात तर बंदी आणखी जुनी आणि आणखी कडक. गिरणगावातल्या श्रोत्यांनी ही हकीकत मुद्दाम ऐकावी. डब्लिनच्या फिंगलस भागात केक तयार करणारा एक कारखाना होता. १९९० मध्ये तिथे संप झाला. कामगारांनी आपल्यातल्याच एकाला संप समितीचा अध्यक्ष केलं. राष्ट्रीय प्रसारण संस्था आरटीईने त्याची मुलाखत घेतली, संपाबद्दल. मग कळलं की हा शिन फेनचा सदस्य आहे. झालं, मुलाखत गेली. बाँबबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. बोलला होता भट्टीवरच्या माणसांबद्दल, आणि तेही शेकडो कामगारांच्या वतीने. त्यांचं म्हणणं श्रोत्यांपर्यंत पोचलंच नाही. तो माणूस न्यायालयात गेला, १९९२ मध्ये जिंकला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातही जिंकला.

१९८२ चा आपला गिरणी संप आठवा. त्या वेळी कुणी म्हटलं असतं की अमक्या पक्षाचा कामगार असेल तर त्याने संपाबद्दल रेडिओवर बोलू नये, तर लालबाग-परळने ते कसं घेतलं असतं? मला या केकच्या कारखान्याच्या गोष्टीचा राग येतो, तो याचसाठी. बंदीची कक्षा सैल ठेवली की ती बाँबवाल्यापासून सुरू होते आणि संप करणाऱ्याच्या तोंडापर्यंत पोचते.

आणि ब्रिटनची आवाजबंदी सहा वर्षं चालली, तेवढ्यात हिंसा थांबली का? नाही. ज्या वर्षी आवाज बंद केला त्याच वर्षी, १९८८ मध्ये, जॉन ह्यूम नावाचे नेते अ‍ॅडम्स यांच्याशी बोलत होते. ह्यूम आयुष्यभर हिंसेच्या विरोधात होते, आणि तरी बोलत होते. ३१ ऑगस्ट १९९४ ला आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली, सप्टेंबरच्या मध्याला आवाजावरची बंदी उठली, १० एप्रिल १९९८ ला शांतता करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, झाल्या.

गोष्टीने बराच वेळ घेतला, पण ती घाईत सांगायची गोष्टच नाही. (टीव्हीवर आठ-आठ जणांना एकदम ओरडायला लावतात, त्यात कुणाचंच वाक्य पुरं होत नाही. वाक्य पुरं झालं पाहिजे.)

स्पेनने दुसरा रस्ता धरला. बास्क प्रदेशातली एटा ही सशस्त्र संघटना, तिच्याशी जोडलेला पक्ष बातासुना. २००२ मध्ये स्पेनने खास कायदा केला. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुरावा तपासून पक्ष विसर्जित केला, आणि २००९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ती बंदी योग्य ठरवली. एटाने २०११ मध्ये सशस्त्र कारवाया कायमच्या थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच प्रवाहातल्या लोकांनी सोर्तू हा नवा पक्ष काढला आणि पक्षाच्या घटनेतच लिहिलं की आम्हाला हिंसा मान्य नाही, एटाचीसुद्धा नाही. २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने त्याला परवानगी दिली. बघा, न्यायालय, पुरावा, परतीची वाट, तिन्ही आलं.

परतीची वाट आपल्या देशानेही दिली आहे. मिझोरममध्ये बांबूला फुलोरा आला, उंदीर माजले, दुष्काळ पडला, आणि त्या दुष्काळात मदतीसाठी निघालेल्या संघटनेतून १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष झाला. १९६६ मध्ये त्याने सशस्त्र उठाव केला, सरकारने बंदी घातली. वीस वर्षं रक्त सांडलं. ३० जून १९८६ ला करार झाला आणि बंडाचे नेते लालडेंगा त्याच वर्षी मुख्यमंत्री झाले. पुढे त्यांचेच जंगलातले साथी झोरामथांगा मतपेटीतून मुख्यमंत्री झाले, आणि निवडणूक हरल्यावर मुकाट्याने पायउतारही झाले.

आता कुणी म्हणेल, मग मतदारावरच सोडा ना, तो धडा शिकवेल. तसंही होत नाही, आणि ते परळला ठाऊक आहे. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. आरोपाचं बोट शिवसेनेकडे गेलं. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, आणि निवडून आले शिवसेनेचे वामनराव महाडिक, त्या पक्षाचे पहिले आमदार. मतपेटी खुनाचा निवाडा करत नाही. तो न्यायालयातच व्हावा लागतो.

आपल्याकडची व्यवस्था काय आहे? निवडणूक आयोग पक्षाची नोंदणी करतो, पण नोंदणी रद्द करायचा अधिकार, काही अपवाद सोडले तर, त्याला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं. बंदी येते ती बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याने, यूएपीएने. सप्टेंबर २०२२ मध्ये पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडियावर पाच वर्षांची बंदी आली ती याच कायद्याने. त्याच्याशी नाव जोडल्या जाणाऱ्या एसडीपीआय या नोंदणीकृत पक्षावर मात्र तेव्हा बंदी आली नाही. या कायद्यात आधी केंद्र सरकार अधिसूचना काढतं, मग न्यायाधिकरण सहा महिन्यांत ती तपासतं.

संघटनेच्या बाबतीत हा क्रम मी एक वेळ समजून घेईन. निवडणूक लढवणाऱ्या पक्षाच्या बाबतीत मला तो मान्य नाही. कारण केंद्रात जे सरकार असतं ते कुठल्या ना कुठल्या पक्षाचंच असतं, आणि तो पक्षही त्याच निवडणुकीत उभा असतो. प्रतिस्पर्ध्याला मैदानाबाहेर काढायची लेखणी त्याच्या हातात नको. जर्मनीत पक्षावर बंदी फक्त घटना न्यायालय घालतं, आणि आजवर दोनच पक्षांवर घातली, १९५२ आणि १९५६ मध्ये. २००३ मध्ये आणखी एका पक्षावरचा खटला कोसळला, कारण त्या पक्षाच्या नेतृत्वातच सरकारचे खबरे बसले होते, मग पक्षाचं बोलणं कुठलं आणि सरकारचं कुठलं, हे न्यायालयाला वेगळं करता येईना. इतकी बारीक तपासणी आपल्याकडेही व्हावी, आणि बंदीच्या आधी व्हावी. पक्षावर बंदी हवी असेल तर सरकारने सर्वोच्च न्यायालयात जावं, पैसा कुठून कुठे गेला, हुकूम कुणी दिला, हत्यारं कुणी लपवली, हे उघड खटल्यात मांडावं, आणि त्या पक्षाला स्वतःच्या आवाजात उत्तर देऊ द्यावं.

नमस्कार.