छपराखालची धाव

(पडद्यावर: लाकडी ट्रॅकची जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

अकरा फेऱ्या मारल्या की एक मैल पुरा. १६० यार्डांचा ट्रॅक, खाली लाकडी फळ्या. सरळ धाव सुरू होते न होते तोच वळण अंगावर येतं. वळणावर ट्रॅक बाहेरच्या बाजूने वर उचललेला, नाहीतर वेगात आलेला धावपटू थेट प्रेक्षकांत जायचा. फळ्यांवर स्पाइक्सचा, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचा, खडखडाट. मागून कोण येतंय हे मान न वळवता कळतं, पावलांच्या आवाजावरून.

हे न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अमेरिकेची राष्ट्रीय इनडोअर अॅथलेटिक्स स्पर्धा १९०६ साली इथे सुरू झाली. इमारती बदलल्या, शहरं बदलली, यार्डांचे मीटर झाले, तरी मोजकी वर्षं सोडली तर ही स्पर्धा चालूच आहे. नागपुरात मानकापूरला, रविनगरला पहाटे उठून प्रॅक्टिसला येणाऱ्या आपल्या पोरापोरींनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

(पडद्यावर: बर्फाने झाकलेली मैदानं)

या खेळाचा जन्म थंडीतून झाला. अमेरिकेच्या उत्तरेकडे डिसेंबर ते मार्च मैदान गोठलेलं असतं. धावपटूने चार महिने घरी बसायचं, आणि वसंत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. यावर न्यूयॉर्क अॅथलेटिक क्लबने १८६८ च्या नोव्हेंबरात तोड काढली. स्केटिंगच्या एका हॉलमध्ये त्यांनी स्पर्धा भरवली. इमारतीचं बांधकाम तेव्हा पुरतं झालंही नव्हतं. छप्पर मिळेल तिथे धावायचं, एवढंच ठरलेलं. पुढे सैन्याच्या कवायतीचे हॉल आले, सर्कशी आणि मुष्टियुद्ध जिथे चालायचं ती सभागृहं आली.

आत यायचं म्हटल्यावर खेळालाही अंग चोरावं लागलं. भाला, थाळी आणि हातोडा बाहेरच राहिले. गोळा आला, पण जमीन फुटू नये म्हणून मऊ आवरणाचा. शंभर मीटर सरळ धावायला जागाच नाही, म्हणून ६० यार्डांची शर्यत आली. शेवटच्या रेषेपलीकडे थोड्याच अंतरावर भिंत, आणि भिंतीला गाद्या लावलेल्या. जिंकलेला आणि हरलेला, दोघेही त्याच गादीवर जाऊन आदळायचे.

(पडद्यावर: पन्नाशीच्या दशकातलं गार्डन, खचाखच भरलेल्या गॅलऱ्या)

त्या काळच्या गार्डनमध्ये वरच्या गॅलरीपर्यंत सिगारचा धूर साचलेला असायचा. त्या धुरात मैलभर धावायचं म्हणजे छातीचं काय होत असेल! तरीही जगातले उत्तमोत्तम धावपटू इथे यायचे. त्यातला एक आयर्लंडचा रॉन डेलानी. व्हिलानोव्हा विद्यापीठात शिकायला आलेला हा मुलगा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, आणि अमेरिकेची राष्ट्रीय इनडोअर मैलाची शर्यत १९५६ ते १९५९ अशी ओळीने चार वर्षं जिंकली. इनडोअरमध्ये सलग ४० शर्यती तो हरला नाही.

आणि तरी न्यूयॉर्कचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. कारण डेलानी विक्रमासाठी धावत नसे. पुढच्याच्या पाठीला चिकटून राहायचं, शेवटच्या फेऱ्यांत निसटायचं आणि जिंकायचं, हा त्याचा खाक्या. लोकांना घड्याळ फुटलेलं हवं होतं. आम्हाला मात्र डेलानी फार मोठा वाटतो. अकरा फेऱ्यांच्या ट्रॅकवर वळणंच वळणं. तिथे बाहेरून ओव्हरटेक करणारा प्रत्येक वेळी जास्त अंतर कापतो. कधी निघायचं, हा निर्णय एकदा चुकला की तो सुधारायला जागाच उरत नाही. सलग ४० वेळा हा निर्णय बरोबर घेणं नुसत्या पायांच्या जोरावर होत नाही.

उंच उडीतला जॉन थॉमस १९५९ च्या जानेवारीत याच गार्डनमध्ये सात फुटांवरून गेला. तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता, आणि इनडोअरमध्ये ही उंची त्याआधी कोणीच पार केली नव्हती. ती स्पर्धा मिलरोज गेम्सची. राष्ट्रीय नव्हती, पण हिवाळा तोच आणि छप्परही तेच.

(पडद्यावर: स्टार्टिंग ब्लॉकवर धावपटू, हातात स्टॉपवॉच धरलेले पंच)

फेब्रुवारी १९६४. राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा, ६० यार्ड. बॉब हेज नावाचा फ्लोरिडाचा धिप्पाड तरुण. त्याच्या धावण्यात डौल नव्हता. खांदे डुलायचे, पाय आत वळायचे. पण शर्यत संपली तेव्हा पंचांच्या घड्याळात ५.९ सेकंद होते. ही धाव त्याआधी कोणीही सहा सेकंदांच्या आत पुरी केलेली नव्हती. त्याच वर्षी टोकियोत हेजने १०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. पुढे तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये गेला आणि तिथेही विजेता ठरला.

साठ यार्ड म्हणजे पंचावन्न मीटरला थोडं कमी. एवढ्याशा अंतरात धावपटू जेमतेम पूर्ण वेगाला पोहोचतो. म्हणून इथे खरी परीक्षा असते ती सुरुवातीची: बंदुकीच्या आवाजावर किती लवकर सुटता, पहिल्या दहा पावलांत जमिनीला किती जोरात ढकलता, मान किती वेळ खाली ठेवता. आपल्याकडे कोच रोज ओरडून सांगतात, "एवढ्यात उठू नको!" तेच हे.

(पडद्यावर: टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या धावपटू मुली)

स्त्रियांची राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा १९२७ साली सुरू झाली, आणि बराच काळ पुरुषांपासून वेगळी भरत राहिली. साठच्या दशकात दोन्ही एकत्र आल्या. या भागाकडे आमचं मन सारखं ओढलं जातं. टेनेसी स्टेट विद्यापीठात एड टेंपल नावाचे प्रशिक्षक होते. वर्णभेदाच्या त्या काळात, तुटपुंज्या पैशांवर त्यांनी कृष्णवर्णीय मुलींचा संघ उभा केला. टायगरबेल्स हे त्या संघाचं नाव. विल्मा रुडॉल्फ त्याच संघातली. लहानपणी पोलिओ झालेला, पायाला आधाराची पट्टी बांधलेली ही मुलगी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं जिंकली. तिच्यामागून आलेल्या वायोमिया टायसने १९६४ आणि १९६८ अशी लागोपाठ दोनदा १०० मीटरची शर्यत जिंकली. ते त्याआधी ना कुठल्या पुरुषाला जमलं होतं, ना स्त्रीला. या मुलींना उन्हाळी ऑलिंपिकची तयारी हिवाळ्यातही चालू ठेवता आली, ती अशाच छपराखालच्या स्पर्धांमुळे.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९८७ मध्ये इंडियानापोलिसला पहिली जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेतून यार्ड गेले आणि मीटर आले. अकरा फेऱ्यांचा ट्रॅक मागे पडून २०० मीटरचा ट्रॅक रुळला. नव्वदच्या दशकात स्पर्धा न्यूयॉर्क सोडून अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये गेली, मग बोस्टनला, मग अल्बुकर्कीला. २०२१ साली कोरोनामुळे ती झालीच नाही. २०२२ मध्ये स्पोकेन, आणि २०२५ मध्ये पुन्हा न्यूयॉर्क, या वेळी स्टेटन आयलंडवर.

(पडद्यावर: अल्बुकर्कीचं कन्व्हेन्शन सेंटर, ट्रॅकचे तुकडे जोडणारे कामगार)

अल्बुकर्कीपाशी मात्र थांबायलाच हवं. तिथे खास स्टेडियम नाही. अधिवेशनं आणि प्रदर्शनं जिथे भरतात त्याच इमारतीत हिवाळ्यात ट्रॅक जोडतात आणि हंगाम संपला की उचलून ठेवतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर. हवा विरळ, त्यामुळे वेगाने धावणाऱ्याला अडथळा कमी. लांब पल्ल्याच्या धावपटूचा जीव मात्र तिथे कासावीस होतो.

मॉरिस ग्रीनने ६० मीटरचा ६.३९ सेकंदांचा विश्वविक्रम १९९८ मध्ये माद्रिदला केला होता, आणि २००१ मध्ये अटलांटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत तेवढ्याच वेळेची बरोबरी केली. पुढे सतरा वर्षं त्या आकड्याला कोणी धक्का लावू शकलं नाही. मग १८ फेब्रुवारी २०१८ ला अल्बुकर्कीत ख्रिश्चन कोलमन ६.३४ मध्ये धावला. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथेच ग्रँट हॉलोवेने ६० मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ७.२७ सेकंदांत पार केली. पाच हर्डल्स, दोन हर्डल्समध्ये ९.१४ मीटर अंतर आणि त्यात जेमतेम तीन पावलं. चित्रफीत संथ करून पाहिली तरी त्याचा पाय हर्डलवरून कधी उतरला ते चटकन कळत नाही. हे दोन्ही विश्वविक्रम एका जोडलेल्या, उचलून ठेवता येणाऱ्या ट्रॅकवर झालेले आहेत.

(पडद्यावर: मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल)

आता नागपूर. छपराखाली राष्ट्रीय अजिंक्यपद कसं असतं हे या शहराने पाहिलंय. नोव्हेंबर २०१७ मध्ये मानकापूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात सायना नेहवालने पी. व्ही. सिंधूला हरवलं, दुसरा गेम २७-२५ पर्यंत ताणला गेला. पुरुषांत प्रणॉयने श्रीकांतला हरवलं. बॅडमिंटनला छप्पर लागतं हे सगळ्यांना मान्य आहे. अॅथलेटिक्सला लागतं, हे अजून आपल्या गळी उतरलेलं नाही.

त्यालाही कारण आहे. जगभरातला इनडोअर हंगाम जानेवारी ते मार्च. आणि आपल्याकडे धावायला सगळ्यात चांगले दिवस तेच! नागपूरच्या जानेवारीत सकाळी सहाला मैदानावर उतरा, अंग आपोआप पळायला लागतं. अमेरिकेने हिवाळ्यासाठी छप्पर शोधलं, आपल्याला हिवाळ्यात त्याची गरजच पडली नाही. आपला हिवाळा म्हणजे मे महिना.

(पडद्यावर: दुपारचा रिकामा ट्रॅक, उन्हाच्या झळा)

पारा ४५ च्या वर जातो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की सकाळी आठनंतर सिंथेटिक ट्रॅकवर बसूनही दाखवा. पृष्ठभाग हवेपेक्षाही जास्त तापतो, स्टार्टिंग ब्लॉकच्या धातूला हात लावला तर चटका बसतो. शाळांना सुट्टी, मुलांकडे वेळच वेळ, आणि प्रॅक्टिस पहाटेच्या दोन तासांत उरकायची. जूनमध्ये पाऊस येतो. मग काळ्या मातीची मैदानं बसतात. स्पाइक्सच्या खिळ्यांमध्ये चिखलाचा गोळा होतो, काडीने उकरून काढावा तर दहा पावलांवर पुन्हा तेच. आणि शालेय स्पर्धांचं वेळापत्रक नेमकं पावसाळ्यातच सुरू होतं. मूल वर्षभरातल्या सगळ्यात कमी सरावाच्या दिवसांनंतर थेट स्पर्धेला उभं राहतं. पहिली फेरी हरलं की घरचे म्हणतात, आता अभ्यासाकडे बघ. अशी किती मुलं या मैदानांवरून परत गेली असतील, ते कुठल्याच निकालपत्रात सापडत नाही.

(पडद्यावर: ज्योती याराजीची हर्डल्स शर्यत)

आपल्या खेळाडूंना छपराखाली जमत नाही, असं तर नाहीच. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकत असताना २०१८ च्या फेब्रुवारीत इनडोअर स्पर्धेत २.२८ मीटर उंच उडाला. ज्योती याराजीने आशियाई इनडोअर स्पर्धेत २०२३ ला अस्ताना इथे ६० मीटर हर्डल्सचं रौप्य घेतलं आणि पुढच्याच वर्षी तेहरानमध्ये ८.१२ सेकंदांत सुवर्ण. तेजिंदरपाल सिंग तूरने तिथेच १९.७२ मीटर गोळाफेक करून सुवर्ण घेतलं, हरमिलन बैंसने १५०० मीटरचं. आणि २१ फेब्रुवारी २०२५ ला बोस्टनमध्ये सैन्यदलाचा गुलवीर सिंग ५,००० मीटर १२ मिनिटं ५९.७७ सेकंदांत धावला. २०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. तेरा मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला भारतीय.

भुवनेश्वरला कलिंगा स्टेडियमच्या आवारात आता २०० मीटरचा बंदिस्त ट्रॅक उभा आहे. ज्योतीचा सराव त्याच शहरात झाला. तसा ट्रॅक नागपुरात व्हायचा तेव्हा होईल, त्याला मोठी जागा आणि मोठा पैसा लागतो.

पण ६० मीटरच्या सरळ धावेचा हिशेब करून बघा. सुरुवातीच्या रेषेमागे तीन मीटर, शेवटच्या रेषेपुढे थांबायला पंधरा मीटर. एक लेन १.२२ मीटर रुंद, म्हणजे सहा लेनला साडेसात मीटरसुद्धा लागत नाहीत. ऐंशी मीटर लांब आणि दहा-बारा मीटर रुंद शेड, वर उष्णता अडवणारं छप्पर, बाजूंनी वारा खेळता, भिंतीला गाद्या, कडेला लांब उडीचा एक खड्डा. एमआयडीसीत याहून मोठी गोदामं रांगेने उभी आहेत. अशी एक शेड मानकापूरला, एक रविनगरच्या बाजूला, आणि काम येत्या उन्हाळ्याच्या आत सुरू व्हावं.