तीन शॉक वाया गेल्यावर

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आधी एक घोळ निस्तरून घेतो. हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट हे दोन वेगळे प्रकार आहेत. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, घाम पुसत ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत असतो, आणि सकाळी पोहे-जलेबी हाणलेल्या इंदूरकराला ते पटतंही. अरेस्टमध्ये हृदय रक्त ढकलायचंच सोडून देतं आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. पुष्कळदा त्या क्षणी हृदय निपचित नसतं, नुसतं थरथरत असतं. उघड्या छातीत ते पाहिलेले सर्जन म्हणतात, गांडुळांनी भरलेली पिशवी. हे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, आमच्या बोलण्यात व्हीएफ. ते मोडायचा खरा उपाय म्हणजे विजेचा झटका. तोवर कुणी छातीवर दाब दिला नाही, तर मिनिटामागे वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

१९४७ मध्ये क्लीव्हलंडला क्लॉड बेक यांनी ऑपरेशन टेबलावरच्या १४ वर्षांच्या मुलाच्या हृदयाला थेट शॉक देऊन ते पुन्हा चालू केलं. १९६०च्या दशकात बेलफास्टच्या फ्रँक पॅंट्रिज यांनी शॉक देणारं यंत्र ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. मोटारीच्या बॅटरीवर चालायचं, वजन ७० किलो! आज ते एका हातात नेता येतं. पॅड, म्हणजे झटका पोहोचवणाऱ्या चिकट पट्ट्या, मात्र अजून बहुतेक ठिकाणी त्याच जागी लागतात: एक उजवीकडे गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली.

आता माझा विषय. तीन शॉक दिले, छाती दाबणं चालू आहे, तरी पडद्यावर तीच वेडीवाकडी रेघ. पुढे काय? चौथा शॉक तसाच द्यायचा, ही जुनी रीत. तिच्यावर दोन तोडगे निघाले. पहिला म्हणजे पॅडची जागा बदलायची: एक छातीवर पुढे, दुसरा पाठीवर, म्हणजे झटका हृदयाच्या मागच्या भागातूनही जातो. नेहमीच्या जागी लावलेल्या पॅडमधून तिथे वीज कमी पोहोचते असा अंदाज आहे. दुसरा तोडगा दोन यंत्रांचा. पॅडच्या दोन्ही जोड्या लावायच्या आणि एकाच माणसाने दोन्ही बटणं पाठोपाठ दाबायची. एकदम नाही, पाठोपाठ.

हे खरंच चालतं का, ते कॅनडात ऑन्टॅरिओच्या सहा ॲम्ब्युलन्स सेवांनी पाहिलं. शेल्डन चेस्केस आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. मला त्यातली मांडणी फार आवडते. कोणत्या रोग्याला कोणती रीत, याची चिठ्ठी जिन्यात गुडघे टेकून बसलेला पॅरामेडिक, म्हणजे ॲम्ब्युलन्समधला उपचार करणारा माणूस, उघडणार कधी? म्हणून चिठ्ठी रोग्यागणिक न काढता सेवेगणिक काढली. एका सेवेने ठरावीक काळ एकच रीत वापरायची, मग दुसरी. बेशुद्ध माणसाची संमती विचारता येत नाही, त्यामुळे अशा प्रयोगांना नीतिसमितीच्या कडक अटी असतात, आणि त्या असायलाच हव्यात.

एकूण ४०५ रोगी. जुन्या रीतीत १३.३ टक्के जिवंत घरी गेले, पॅड बदलल्यावर २१.७, दोन यंत्रांनी ३०.४. आकडे ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. थोडं थांबा. ठरवले होते ९३० रोगी, पण कोविडमुळे अभ्यास अर्ध्यातच आवरावा लागला. लहान आणि अर्धवट राहिलेल्या अभ्यासात फायदा फुगून दिसण्याचा धोका असतो. शिवाय कोणती रीत चालू आहे हे पॅरामेडिकला दिसतच होतं, ते लपवणार कसं?

आणि जिवंत घरी जाणं म्हणजे सगळं नव्हे. अरेस्टमध्ये ॲड्रिनॅलिन हे औषध देतात; २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ते ८,०१४ रोग्यांवर तपासलं. महिनाभराने जिवंत असणारे ३.२ टक्के, नुसत्या सलाइनच्या गटात २.४. म्हणजे औषधाने माणसं वाचली. पण वाचलेल्यांत मेंदूला जबर इजा झालेले ३१ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १७.८. म्हणून ऑन्टॅरिओच्या अभ्यासात मी आधी मेंदूचा रकाना वाचला. स्वतःची कामं स्वतः करू शकणारे जुन्या रीतीत ११.२ टक्के, दोन यंत्रांत २७.४. पॅड बदलण्यात १६.२, पण हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका पुसट आहे.

तरी इंदूरपुरता माझा कल पॅड बदलण्याकडे आहे. दोन यंत्रं म्हणजे बहुधा दोन गाड्या. रंगपंचमीच्या गेरमध्ये, त्या मिरवणुकीच्या गर्दीत, राजवाड्यापाशी एक १०८ आत शिरली तरी पुष्कळ, दुसरी कुठून आणणार? पॅडला फक्त हात लागतात. अर्थात तेही दिसतं तितकं सोपं नाही. छाती घामाने चिंब असते, पॅड चिकटत नाही. म्हणून पेटीत टॉवेल आणि दाढीचा रेझर ठेवतात. पाठीला पॅड लावायला धिप्पाड माणूस कुशीवर वळवावा लागतो, आणि तेवढा वेळ छाती दाबणं बंद. वळवणारे दोघे आणि पॅड लावणारा तिसरा यांनी हे आधी घोटलेलं नसेल, तर नव्या रीतीचा फायदा त्या खोळंब्यातच संपतो. माझ्या मते हाच प्रयोग आपल्या गाड्यांमधून, आपल्या जिन्यांमध्ये व्हायला हवा. टोरंटोचा जिना आणि सराफ्याच्या गल्लीतला जिना यांत फरक आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्या सोसायटीत यंत्र घ्यावं का?)

जरूर घ्या, काका. अमेरिकेत कॅसिनोमधल्या सुरक्षारक्षकांना हे यंत्र वापरायला शिकवलं होतं. तो अभ्यास २००० साली छापून आला. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्या व्हीएफच्या रोग्यांपैकी ७४ टक्के वाचले. शॉक देणारे डॉक्टर नव्हते, वॉचमन होते. पण घेतल्यावर दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा, बॅटरीची आणि पॅडची. दोन्ही कालबाह्य होतात. आणि पेटीला कुलूप घालू नका. चोरीची भीती वाटत असेल तर दार उघडताच वाजणारी घंटा बसवा. चावी सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी पुण्याला, असं व्हायला नको.