गाळलेल्या जागा

दृश्य: ओठ. पडदाभर फक्त ओठ.

हे ओठ नीट बघा आणि आवाज ऐका.

काय ऐकू आलं? बहुतेकांना ‘दा’ ऐकू येतं. आता डोळे मिटा. तोच तुकडा पुन्हा लावतोय.

‘बा’. मघाशीही ‘बा’च होता. आवाजात काडीचाही फरक केलेला नाही. फक्त चित्रातली व्यक्ती ‘गा’ म्हणत होती. ‘बा’ म्हणायचं तर ओठ मिटावेच लागतात, आणि इथे ते मिटत नाहीत. कान एक सांगतात, डोळे दुसरंच. मेंदू दोघांच्या मधला तोडगा काढतो आणि तो तोडगाच आपल्याला ऐकू येतो. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली हे प्रसिद्ध केलं. सगळ्यांना असं होतं असं नाही. पण ज्यांना होतं त्यांना युक्ती कळल्यावरही होतच राहतं. पुन्हा बघा. आलं ना ‘दा’?

असा तुकडा करताना आवाज आणि ओठ नीट जुळवावे लागतात. आवाज चित्राच्या पुढे गेला, तर साधारण ४५ मिलिसेकंदांतच खटकतो. मागे राहिला तर सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत लक्षातही येत नाही. कारण साधं आहे. प्रकाश आधी पोहोचतो, आवाज सेकंदाला जेमतेम ३४० मीटर चालतो. मागून येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय असते, आधी येणाऱ्याची नाही.

दृश्य: संगणकाच्या पडद्यावर ध्वनीचा आलेख.

आता एक छोटं वाक्य. ‘ती आत्ता आली.’ कागदावर तीन शब्द आणि दोन मोकळ्या जागा. आलेखावर बघा. ‘ती’ संपून ‘आत्ता’ कुठे सुरू झालं? शोधून सापडणार नाही, रेघ सलग आहे. ‘आत्ता’ आणि ‘आली’ यांच्या मध्येही तसंच. आणि ही इथे दिसतेय ती सपाट जागा? ती आहे ‘आत्ता’च्या ऐन पोटात. जोड ‘त्त’ म्हणताना जीभ दातांमागे टेकून क्षणभर हवा अडवते, तेवढा वेळ आवाज बंद असतो. म्हणजे कानावर जे पडतं त्याचे दोनच तुकडे आहेत: ‘तीआत्’ आणि ‘ताआली’.

तरीही प्रत्येक मराठी माणसाला तीन शब्द ऐकू येतात. शब्दांमधली जागा आवाजात नव्हती, ती ऐकणाऱ्याने घातली. भाषा येत असली तरच ती घालता येते. परकी भाषा भरधाव वाटते त्याचं एक मोठं कारण हेच: बोलणारा जोरात सुटलेला नसतो, आपल्याला तोडता येत नसतं.

आता याच वाक्यातला एक बारीक तुकडा कापून तिथे खोकला चिकटवलाय. ऐका. वाक्य अख्खं ऐकू येतं, खोकला कुठेतरी बाजूला. नेमका कोणत्या अक्षरावर पडला? सांगता येत नाही. रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली ही चाचणी घेतली, तेव्हा ऐकणाऱ्यांना गेलेला ध्वनीही ऐकू आला आणि खोकल्याची जागा मात्र अचूक सांगता आली नाही. आणि त्याच जागी खोकल्याऐवजी शांतता ठेवली तर? मग भोक लगेच कळतं.

या माहितीपटात एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. शांततेने पडलेलं भोक दिसतं, गोंगाटाने पडलेलं भोक बुजतं. गर्दीत, यंत्राजवळ, चालत्या गाडीत आपण निम्मं ऐकतो आणि निम्मं भरतो. भरलेलंही ऐकल्यासारखंच वाटतं.

दृश्य: पांढरा कागद, एक फुली, एक ठिपका.

डोळ्यांचंही तेच. हा प्रयोग इथेच थांबून करून बघा. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा. तिच्या उजवीकडे बरोबर ८ सेंटिमीटरवर एक सेंटिमीटरभर रुंद काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडे बघत कागद सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो.

नाही झाला? मग तीनपैकी एक चूक झाली असेल. नजर ठिपक्याकडे घसरली असेल, बहुतेकांची घसरतेच. किंवा कागद तिरका धरला असेल. नाहीतर चुकीचा डोळा झाकला असेल.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथून दृष्टीची नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. एदम मारियट या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हा अंधबिंदू शोधला. आता ठिपक्यातून आडवी रेघ ओढा आणि पुन्हा बघा. ठिपका जातो, रेघ मात्र सलग दिसते. जिथे काहीच दिसत नाही तिथे मेंदूने रेघ जोडून दिली.

दृश्य: टेबलावर ठकठक करणारं बोट.

इथपर्यंत ऐकणाऱ्याचं आणि बघणाऱ्याचं झालं. बोलणाऱ्याकडूनही जागा गळतात.

हे बोट एका गाण्याचा ठेका वाजवतंय. गाणं ओळखा. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात हेच करून पाहिलं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३.

बोट बघा आणि मग चेहरा बघा. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल आहे, शब्द आहेत, वाद्यं आहेत. टेबलावर उतरते ती नुसती ठकठक. समोरच्याला चाल ऐकू येत नाही हे वाजवणाऱ्याला माहीत असतं, पण स्वतःच्या डोक्यातली चाल बंद करता येत नाही. कामाची सूचना देणारा माणूस याच खुर्चीत बसलेला असतो. ‘ते तिकडचं आधी करून टाक’ असं तो म्हणतो तेव्हा ‘ते’ म्हणजे काय आणि ‘तिकडे’ म्हणजे कुठे, हे त्याला लख्ख दिसत असतं.

त्यात वेळेची ओढाताण. दहा भाषांमधल्या संभाषणांची मोजदाद २००९ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या एक पंचमांशाच्या आसपास भरलं. समोरचं चित्र पाहून त्याचं नुसतं नाव उच्चारायला मात्र जवळजवळ ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य चालू असतानाच आपलं उत्तर जुळवणं सुरू झालेलं असतं. म्हणूनच, आकडा किंवा वेळ वाक्याच्या शेपटीला ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

दृश्य: हातातला फोन, मागे रस्ता.

जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवर आवाजातला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. ‘स’ची ओळख ज्या सळसळीत असते ती बरीचशी त्याच्या वर राहते. ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ एकदा मागच्या गोंगाटासकट ऐका. फरक शब्दाच्या सुरुवातीलाच आहे, आणि नेमका तोच भाग बुजतो. म्हणून फोनवर आकडे सुटे सांगावेत: सहा, सात. सहा, आठ.

दृश्य: धुक्यातली धावपट्टी. जुनी चित्रफीत.

२७ मार्च १९७७. तेनेरीफे बेटावरचा विमानतळ. धुकं इतकं, की दोन्ही विमानांना एकमेकांचा पत्ता नाही आणि नियंत्रण मनोऱ्याला दोन्ही दिसत नाहीत. सगळी भिस्त रेडिओवर. या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले की बोलणं मिसळत नाही, नुसती शिट्टी वाजते.

पहिल्या विमानातून संदेश गेला, त्याचा अर्थ ‘आम्ही आता उड्डाणाला’ असा काहीसा होता. विमानाने धाव घ्यायला सुरुवात केली होती. मनोऱ्याला वाटलं, उड्डाणाच्या जागेवर उभे आहेत. मनोरा म्हणाला, ‘ओके’, क्षणभर थांबला आणि मग म्हणाला, थांबा, मी कळवतो. त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन संदेश एकमेकांवर आदळले. पहिल्या विमानात पोहोचलं ते ‘ओके’, आणि पुढे शिट्टी. दोन्ही विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर शब्द बदलले. उड्डाणासाठीचा ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक झाला. नुसत्या ‘ओके’वर भागवायचं नाही, ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवायची, यावरही भर वाढला. याला रीडबॅक म्हणतात. तो असा होतो.

सांगणारा एका दमात एकच गोष्ट सांगतो. ऐकणारा ती स्वतःच्या तोंडाने परत म्हणतो: आकडा, नाव, दिशा, सगळं. सांगणारा ते ऐकतो आणि ‘बरोबर’ म्हणतो, किंवा चुकलेला भाग पुन्हा सांगतो. ‘समजलं का?’ हा प्रश्न इथे कुचकामी आहे. ज्याने जागा भरलीय त्यालाही समजलंच आहे असं वाटतं, तो मनापासून ‘हो’ म्हणतो.

सगळ्यात नाजूक असते ती तिसरी पायरी. सांगणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे समोरून चुकीचा आकडा आला तरी त्याच्या कानाला बरोबरच ऐकू येतो. त्यावर एक साधा उपाय आहे. आकडा आधी कागदावर लिहायचा, परत येणारा प्रत्येक अंक ऐकताना त्यावर पेन्सिल टेकवायची आणि शेवटचा अंक जुळेपर्यंत ‘बरोबर’ म्हणायचं नाही.

दृश्य: हेडफोन, पेन्सिलीचं टोक, कागदावर ६८.

‘अडुसष्ट.’

‘सहा, सात.’

पेन्सिल थांबली, बघा.

‘सात नाही. सहा, आठ.’

‘सहा, आठ.’

‘बरोबर.’