कण किती, याहून कण कसे

हे काचेचे मणी. एकेक मणी मिठाच्या कणापेक्षाही बारीक. ते इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, कालवले जातायत: आकारमानाने 30 टक्के काच, 70 टक्के इपॉक्सी. मिश्रण घट्ट झाल्यावर तुकडा किती ताठर होईल, हे तो यंत्रात ताणून बघण्याआधीच सांगता येईल?

काचेचा यंग गुणांक, म्हणजे ताठरपणाचं माप, साधारण 70 गिगापास्कल, इपॉक्सीचा जेमतेम 3. प्रमाणानुसार सरळ सरासरी काढली, तर उत्तर येतं 23. भौतिकशास्त्रज्ञ फोग्ट यांची ही 1889 ची वाट. दोन्ही पदार्थ सारखेच ताणले जातात असं ती धरून चालते. रॉइस यांनी 1929 मध्ये उलटं धरलं: दोघांवरचं प्रतिबल, म्हणजे दर क्षेत्रफळामागचं बल, सारखं. मग उत्तर 4.2. एकाच तुकड्याची ही दोन टोकं! एवढ्या फरकावर कुठलाही भाग डिझाइन करता येत नाही.

नुसतं प्रमाण पुरत नाही, कणांचा आकारही (गोल, लांबट की चपटा) हिशेबात घ्यावा लागतो.

1957 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ जॉन एशेल्बी यांनी हे कोडं मनातल्या मनात कापून पाहिलं. पदार्थातून कणाच्या जागचा एक लंबगोल तुकडा काढायचा. बाहेर त्याला मोकळेपणी फुगू द्यायचं. मग दाबून मूळ मापावर आणायचा, त्याच पोकळीत बसवायचा, कडा सांधायच्या आणि दाब काढून घ्यायचा. तुकडा पुन्हा फुगू बघतो, भोवतालचा पदार्थ त्याला अडवतो. या ओढाताणीत बाहेरची विकृती, म्हणजे ताणलं-दाबलं जाण्याचं प्रमाण, जागोजागी बदलते. लंबगोलाच्या आत मात्र ती सगळीकडे तंतोतंत सारखी! इतक्या गुंतागुंतीतून इतकं स्वच्छ उत्तर निघावं, हे आजही थक्क करतं. शिवाय लंबगोल लांबवला की तंतू होतो, चपटा केला की चकती. एकाच सूत्रात सगळे.

पण हा झाला एकटा कण. खऱ्या तुकड्यात कणांची गर्दी असते. 1973 मध्ये मोरी आणि तनाका यांनी मार्ग दाखवला: प्रत्येक कणाला भोवतालच्या आधारद्रव्याची (इथे इपॉक्सीची) सरासरी स्थिती जाणवते असं धरा. या हिशेबाने आपल्या मण्यांचं उत्तर येतं सुमारे 5.4. तेवढीच काच लांब, एकाच दिशेच्या तंतूंच्या रूपात घातली, तर त्या दिशेने थेट 23 च्या आसपास!

कण फार दाटले की ही सरासरी अपुरी पडते. तेव्हा प्रत्येक कणाची जागा संगणकावर मांडून हिशेब करावा लागतो. आणि या सगळ्या सूत्रांची एक अट आहे: काच आणि इपॉक्सी एकमेकांना पक्के चिकटलेले हवेत. त्यासाठी काचेवर आधी सिलेन या जोडणाऱ्या रसायनाचा पातळ लेप देतात. सांधा सुटला, की कण ओझं उचलायचं थांबवतो आणि ताठरपणा घसरतो.