मेलेल्या सिम्युलेटरचे फायदे

(पुण्यातल्या हौशी वैमानिकांच्या एका बैठकीतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'नव्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी ॲड-ऑन बनवताना येणाऱ्या अडचणी' असा छापलाय. तो आयोजकांनी दिला. मला मात्र गेली चार वर्षं एकच गोष्ट कुणाला तरी ऐकवायची आहे, आणि घरातले आता ऐकत नाहीत. गोष्ट अशी, की ॲड-ऑन, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरला जोडायची जादा विमानं-विमानतळं, बनवणाऱ्याला मेलेला सिम्युलेटर हवा असतो आणि विकत घेणाऱ्याला जिवंत. सगळी कुरकुर तिथून सुरू होते.

हसू नका. एफएसएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, आठवा. ऑक्टोबर 2006 मध्ये आला. जानेवारी 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो बनवणारा एसेस स्टुडिओच बंद करून टाकला. आपण सुतक पाळलं. आणि पुढं काय झालं? पीएमडीजी या ॲड-ऑन कंपनीचं 737 एनजीएक्स विमान आलं 2011 मध्ये, 777 आलं 2013 मध्ये. बाप गेल्यावर पोरं कर्तबगार निघाली! कारण त्या सिम्युलेटरला आता कुणी हात लावणार नव्हतं. त्यातली खोट आज जिथं आहे तिथंच दहा वर्षांनी सापडणार. तिला वळसा कसा घालायचा हे एकदा शोधलं की जन्माची ददात मिटली. आता तो 32 बिटांचा होता, चार जीबीच्या वर मेमरी घेता यायची नाही, आणि मुंबईहून निघून नऊ तासांनी हीथ्रोची धावपट्टी समोर दिसत असताना मेमरी संपून 'डिंग' असा आवाज यायचा आणि सगळं बंद पडायचं, ते सोडा. मागच्या रांगेतले काका मान हलवताहेत, म्हणजे त्यांनी तो आवाज ऐकलेला आहे. पण 'डिंग'सुद्धा ठरलेलं होतं, नेमानं यायचं.

मग 18 ऑगस्ट 2020 ला फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओनं बनवलेला मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला. पहिल्या दिवशी तुम्ही काय केलंत? आपापलं घर शोधलंत. मीही शोधलं. घराच्या जागी एक अनोळखी इमारत उभी होती, पण ते चालायचंच, कारण जगभरातली घरं यंत्रानं उपग्रहाची चित्रं आणि नकाशे बघून उभी केली होती. मेलबर्नमध्ये तर कुणीतरी ओपनस्ट्रीटमॅप या कुणीही भर घालू शकेल अशा नकाशावर घराचे मजले 2 लिहायच्या ऐवजी 212 लिहिले होते, तर सिम्युलेटरनं निमूटपणे बैठ्या घरांच्या वस्तीत 212 मजली सुळका उभा केला. लोक तो बघायला विमानं घेऊन गेले.

तर माझी टपरी. ही सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

मी जुहूचा विमानतळ बनवायला घेतला. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानानं जिथं उतरले तो. म्हटलं, आपल्या माणसांनी नाही करायचा तर कुणी? फोटो हवेत म्हणून जुहूला गेलो. फाटकाजवळ मोबाइल वर केला तोच गार्ड आला. "साहेब, इथं फोटो काढायचा नाही." मी म्हटलं, "अहो, घरी कॉम्प्युटरवर हा विमानतळ बांधतोय." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मागं वळून बघितलं आणि म्हणाला, "पण हा बांधलेला आहे की."

घरी येऊन आठवणीवर हँगर केलं. ब्लेंडर या त्रिमिती प्रोग्रॅममध्ये मॉडेल, त्याची जीएलटीएफ फाइल, पत्र्यावर गंज. धावपट्टीवर माड उगवत होते, त्यांच्यासाठी वनस्पतीबंदीचा पॉलिगॉन आखला. शेवटी फाटकाबाहेर एक चहाची टपरी ठेवली. तिची बीजीएल फाइल, म्हणजे सिम्युलेटर वाचतो ती देखाव्याची फाइल, तयार होती, ती हातानंच पॅकेजच्या फोल्डरमध्ये टाकली. माझ्याकडं झकास दिसली, अगदी बरणीतल्या खारीसकट. नाशिकच्या मित्राला सगळं पाठवलं. त्याचा फोन आला, "विमानतळ मस्त. टपरी कुठाय? महापालिकेनं उचलली का?"

तीन रात्री गेल्या. फाइल आहे, जागा बरोबर आहे, माझ्याकडं दिसते, त्याच्याकडं नाही. तिसऱ्या रात्री दोन वाजता दिसलं. पॅकेजमध्ये लेआउट डॉट जेसन नावाची एक यादी असते. प्रत्येक फाइलचं नाव, आकार आणि तारीख. यादीत नाव नसेल तर फाइल फोल्डरमध्ये असूनही सिम्युलेटरच्या लेखी ती नाहीच. माझ्याकडं प्रोजेक्ट डेव्हमोडमध्ये, म्हणजे ॲड-ऑन बनवणाऱ्यांसाठीच्या सोयीत, उघडा होता, म्हणून टपरी थेट तिथून दिसत होती. आणि ती तारीख तरी कशी? 18 आकडी. विंडोजच्या रिवाजाप्रमाणं 1 जानेवारी 1601 पासून मोजलेली. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या 29 वर्षं आधीपासून टपरीचं वय मोजायचं! बायको पाणी प्यायला उठली होती. म्हणाली, "सापडली?" मी म्हटलं, "यादीत नाव नव्हतं." म्हणाली, "मतदारयादी का?"

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे विषयाला हात घातलाच पाहिजे.

पहिलं, कोड. एफएसएक्समध्ये विमानाचा गेज, म्हणजे कॉकपिटमधली तबकडी, ही सी प्लस प्लस भाषेत लिहिलेली साधी डीएलएल, म्हणजे विंडोजची प्रोग्रॅम-फाइल. ती विंडोजकडं हवं ते मागू शकायची. नव्यात तोच कोड वेबअसेंब्ली नावाच्या बंदिस्त चौकटीत बसवायचा, नाहीतर पडदे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे. वेबअसेंब्लीला स्वतःच्या पॅकेजपलीकडं फारसं काही दिसत नाही. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर चालवायचं तर हा बंदोबस्त हवाच, मान्य. पण वीस वर्षं साठलेला कोड एका संध्याकाळीत त्यात मावत नाही. म्हणून पीएमडीजीनं आधी जून 2021 मध्ये जुनं डीसी-6 आणलं आणि 737 साठी मे 2022 उजाडला. त्याच महिन्यात फेनिक्स या दुसऱ्या कंपनीचं ए320 आलं. त्यांनी यंत्रणांचं गणित सिम्युलेटरच्या बाहेर वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवलं. हुशारी आहे, पण एक्सबॉक्सवर बाहेरचा प्रोग्रॅम चालत नाही. फ्लायबायवायर या हौशी गटाच्या मंडळींनी आपलं फुकटातलं ए320 घेऊन यंत्रणा रस्ट या भाषेत लिहायला घेतल्या, हे माझं आवडतं उदाहरण. त्यावर बोलायला वेळ नाही.

दुसरं, जे मागाल ते मिळेलच असं नाही. एवढी सुंदर ढगांची दुनिया, पण ढगात किती पाऊस आहे हे बाहेरच्या विमानाला नीट विचारायची सोयच नव्हती. म्हणून इतकी तपशीलवार जेट विमानं कितीतरी काळ खऱ्या हवामान-रडारशिवाय उडाली. बटण आहे, पडदा आहे, चित्र नाही. गिऱ्हाईक शिव्या कुणाला घालणार? ॲड-ऑनवाल्याला.

तिसरं, 2024. नवी आवृत्ती 19 नोव्हेंबर 2024 ला आली, पहिल्याच दिवशी गर्दीनं सर्व्हर कोलमडले. पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच आहे. विमानं आता बरीचशी सर्व्हरवरून वाहत येतात, तुमच्या डिस्कवर नसतात. आपण सगळे शिकलो कसे? मूळ विमानाची एअरक्राफ्ट डॉट सीएफजी ही आकड्यांची फाइल नोटपॅडमध्ये उघडून, आकडे बदलून, विमान आपटून. ती फाइलच हाताशी नसली की नव्या पोरानं शिकायचं कुठं? मूळ विमानाला नवा रंग द्यायचा तर कशावर द्यायचा? जुनी ॲड-ऑन बऱ्यापैकी चालतात, पण आता विमानाभोवती पायी फिरून तपासणी करता येते, म्हणजे जिथं पूर्वी कॅमेरा जात नव्हता ते चाकाच्या खोबणीतलं होजही कोरावं लागतं. किंमत मात्र...

हो, हो, आवरतो. पैशांचा मुद्दा राहिला, तो चहाच्या वेळी. लॅपटॉप त्या कोपऱ्यातल्या टेबलावर चालू आहे. जुहू उघडून ठेवलंय. परवा अपडेट आल्यापासून टपरी जमिनीपासून साधारण दीड फूट वर तरंगतेय. कुणाला का ते कळलं तर सांगा.