शंभर आकड्यांची तार

(काळा पडदा. क्षणभर खरखर. मग तार छेडल्याचा आवाज.)

आधी ऐकलीत ती खरखर, नंतरची तार. पण तार कुठेच नाही. दोन्हींचा मालमसाला एकच, वाटेल तसे उचललेले १०० आकडे.

ही युक्ती केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग या अमेरिकन संशोधकांची, १९८३ साली प्रसिद्ध झालेली. प्रोग्राम जेमतेम दहा-बारा ओळींचा. रांगेतला पहिला आकडा स्पीकरकडे धाडायचा, त्याची आणि शेजारच्याची सरासरी काढायची, ती रांगेच्या शेपटाला नेऊन उभी करायची. सीडीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा.

तीच रांग फिरत राहते म्हणून सूर ऐकू येतो. दर फेरीला सरासरी थोडे खाचखळगे बुजवते. वरचे तीक्ष्ण स्वरांश आधी विरतात, मूळ सूर मागे रेंगाळतो. खऱ्या तारेचंही असंच होतं.

गोम आहे ती सुराला लावण्यात. सरासरीमुळे रांग अर्ध्या आकड्याने लांबते. ४४,१०० ला १००.५ ने भागा: ४३८.८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फेऱ्या. हवे होते ४४०. चालून जाईल! पण दोन सप्तकं वर, १७६० हर्ट्झला, २५ आकडे घेतले तर सूर १७२९ वर उतरतो. २४ घेतले तर थेट १८०० वर चढतो. हवेत साधारण साडेचोवीस, आणि अर्धा आकडा रांगेत उभा राहत नाही. डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच वर्षी रांगेत एक छोटा फिल्टर बसवून हा अपूर्णांक भरून काढला.

(पडद्यावर चार रांगा. पंचम, जोड, खर्ज.)

आता याच प्रोग्रामवर काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला, तंबोरा. जोडीच्या तारांना प्रत्येकी ३१८ आकडे. सूर चोख लागलाय, पण ऐका... गिटार वाटते ना?

जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो झणझणता गुंजारव, नाही. मिरजेचे कारागीर घोडीची रुंद पाठ घासून तिला किंचित उतार देतात. तार त्या उतारावर टेकत, सुटत थरथरते. खाली धागा असतो, तो केसभर सरकवला की आवाज खुलतो. आपल्या रांगेला मात्र घोडीच नाही. ती हवी तर दर आकड्याला विचारावं लागेल, तार आत्ता टेकली आहे की सुटली आहे?

(खरा तंबोरा. बोटं धागा सरकवतात. निवेदन थांबतं.)